आषाढात कोरडं, दिवाळीत ओलं

मराठी बालसाहित्यात पाऊस जूनमध्ये येतो. नवी दप्तरं, छत्र्या, कागदी होड्या, बेडूक, गांडुळं हे सगळं त्याच्याबरोबर येतं. इतक्या पुस्तकांत ते इतक्या वेळा आलेलं आहे की मराठी वाचणाऱ्या मुलाला ते पंचांगाइतकं पक्कं वाटावं. चेन्नईत जून कोरडा असतो. इथला खरा पावसाळा ऑक्टोबरच्या मध्यानंतर ईशान्येकडून येतो. वर्षभरातल्या सुमारे १४०० मिलिमीटर पावसापैकी निम्म्याहून अधिक ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत पडतो. आषाढी एकादशीला रस्ता तापलेला असतो आणि दिवाळीत आकाशकंदील भिजतो. टी. नगरमध्ये वाढणाऱ्या, घरी मराठी बोलणाऱ्या मुलानं यातलं कोणतं खरं मानायचं, पुस्तकातलं की खिडकीतलं?

मला हा समीक्षेचा प्रश्न वाटतो. मूल खिडकीवर विश्वास ठेवतं, आणि ते योग्यच आहे. पण त्यामुळे मराठी ही हळूहळू खिडकीबाहेर नसलेल्या गोष्टींची भाषा होते. ती आजीच्या गावाची होते, सणांची होते, गोष्टीतल्या जंगलाची होते. समोरच्या झाडाला, ओल्या भिंतीवरच्या गोगलगायीला, दारातल्या मुंग्यांच्या रांगेला तमिळ किंवा इंग्रजी शब्द चिकटतात. परप्रांतातल्या घरांतून मराठी कशी जाते याची चर्चा करताना आपण शाळा, नोकऱ्या, लग्नं यांची नावं घेतो. ती कारणं आहेतच. पण चार-पाच वर्षांच्या मुलाच्या बाबतीत भाषा सुटायला लागते ती आधी वस्तूंवरून. म्हणून लहान मुलांना आसपासचा निसर्ग दाखवण्यासाठी मराठीत काय लिहिलं गेलं आहे, आणि त्यातलं इथं काय चालतं, हे तपासून पाहावंसं वाटलं.

तपासण्याची माझी जागा मर्यादित आहे. गेली काही वर्षं शनिवारी सकाळी मी आमच्या इमारतीतल्या चार ते सात वर्षांच्या मुलांना घेऊन बाहेर पडते. काही मराठी, बरीच तमिळ, एक-दोन तेलुगू. बझुल्ला रोडच्या मागच्या गल्ल्यांतून पानगल पार्कपर्यंत जायचं, कधी वेंकटनारायण रोडवरच्या नटेसन पार्कपर्यंत. अंतर जेमतेम एक-दीड किलोमीटर, पण चार वर्षांच्या पावलांनी त्याला दीड तास लागतो. टी. नगर म्हटलं की बाहेरच्या वाचकाला रंगनाथन स्ट्रीटची गर्दी, साड्या आणि सोनं आठवेल. सर पिट्टी त्यागराय चेट्टी यांच्या नावाचं हे नगर १९२० च्या दशकात मांबलमच्या जमिनीवर वसलं. शेजारी ‘लाँग टँक’ नावाचं लांबलचक तळं होतं. ते आटवून, बुजवून वस्ती वाढत गेली. मांबलम या नावाचा संबंध कोणी आंब्याशी लावतो, कोणी बेलाशी. जोराचा पाऊस झाला की पाणी अजून जुन्या उताराकडे धावतं. नोव्हेंबर २०२१ मध्ये इथल्या कित्येक रस्त्यांवर ते साचून राहिलं होतं. तेव्हा इथं ‘निसर्ग’ नाही असं म्हणता येत नाही. तो पाहायला डोळे थोडे खाली आणि थोडे वर न्यावे लागतात, आणि मुलांचे डोळे मुळातच खाली असतात.

या फेऱ्यांत सापडलेल्या तीन गोष्टी आधी सांगते, कारण पुढचा सगळा युक्तिवाद त्यांच्यावर उभा आहे.

पहिली गोष्ट रस्त्याकडेच्या मोठ्या झाडाची. मराठीत त्याला वर्षावृक्ष म्हणतात. ते मूळचं अमेरिका खंडातलं, म्हणजे आमच्यासारखंच बाहेरून आलेलं. तमिळमध्ये त्याचं नाव ‘तूंगुमूंजी मरम्’, झोपाळू तोंडाचं झाड. संध्याकाळ झाली की त्याची पानं मिटतात. हे नाव ऐकल्यावर मुलांनी संध्याकाळी गच्चीत जाऊन पाहिलं आणि सोमवारी जिन्यात मला अहवाल दिला. पुढं ऐप्पसी महिन्यातल्या एका काळोख्या दुपारी पानं अर्धवट मिटलेली दिसली, तेव्हा वाद झाला. झाडाची वेळ चुकली, असं एकाचं म्हणणं. ढग आल्यावर त्याला रात्र वाटते, असं दुसरीचं. दोन्ही नावं, तमिळ आणि मराठी, त्या वादात कामाला आली.

दुसरी गोष्ट पूवरसु, म्हणजे आपला परसपिंपळ. त्याचं पान गुंडाळून आमचे वॉचमन-तात्ता पिपाणी करून देतात. त्याचं फूल सकाळी पिवळं असतं आणि मावळतीला लालसर होतं. तिसरी गोष्ट कुंपणाशी उगवणारी, जांभळ्या फुलांची एक बारीकशी रोपटी. तिच्या वाळलेल्या शेंगा पाण्यात टाकल्या की काही क्षणांत तडकतात आणि बिया उडतात. इथली मुलं तिला ‘पट्टासु-काय’, फटाक्याची शेंग, म्हणतात. वाटीभर पाणी आणि मूठभर शेंगा एवढ्यावर अर्धा तास जातो.

या तिन्हीत नाव आधी आलं नाही. आधी काहीतरी करून पाहिलं गेलं, किंवा नावानंच काहीतरी करून पाहायला सांगितलं. लहान मुलांच्या निसर्गलेखनाचा माझा निकष यातून तयार झाला. मजकूर मुलाला पडताळा घ्यायला जागा देतो का? रस्त्यावर जाऊन ‘हो, असंच आहे’ किंवा ‘नाही, असं नाही’ म्हणण्याची सोय त्यात आहे का? मराठी शब्दांत ही सोय भरपूर आहे. लाजाळू, रातराणी, दुपारी, अबोली, सदाफुली या प्रत्येक नावात एक दावा दडलेला आहे. सदाफुलीला तमिळमध्ये ‘नित्यकल्याणी’ म्हणतात, म्हणजे दोन्ही भाषांचा दावा एकच. ती खरंच सदा फुलते का, हे आमच्यातली एक मुलगी कॅलेंडरवर खुणा करून पाहते आहे. भाषेत आहे ते पुस्तकांत का उतरत नाही, हा माझा पुढचा प्रश्न.

मराठी निसर्गलेखन श्रीमंत आहे, पण त्याची ओढ रानाकडे आहे. व्यंकटेश माडगूळकरांचं ‘नागझिरा’ किंवा मारुती चितमपल्लींची ‘पक्षी जाय दिगंतरा’, ‘रानवाटा’ ही पुस्तकं मी पुन्हा पुन्हा वाचली आहेत. रानात राहिलेल्या माणसांकडून चितमपल्लींनी जे शब्द उचलले, तो मराठीचा मोठाच लाभ आहे. मात्र या लेखनाच्या सावलीत वाढलेल्या बालसाहित्यात निसर्ग हे जाण्याचं ठिकाण झालं. मुलं सुट्टीत मामाकडे, अभयारण्यात, किल्ल्यावर जातात. तिथं कोणी जाणते काका नावं सांगतात आणि मुलं थक्क होतात. घरी परतल्यावर निसर्ग संपतो. ज्येष्ठ लेखकांवर याचा दोष येत नाही. ते आपल्या अनुभवाचं लिहीत होते. पण अनुकरणात अनुभव गळाला आणि प्रवास तेवढा उरला. अशा गोष्टींत मुलाला पडताळा घेता येत नाही, कारण वाघ पाहायला त्याला कुणीतरी न्यावं लागतं. मुंगी पाहायला त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

दुसरी सवय अधिक जुनी आहे, ती प्राण्यांना स्वभाव वाटून देण्याची. चिऊ शहाणी, काऊ आळशी. ही गोष्ट दीड-दोन वर्षांच्या मुलाला सांगायला उत्तम आहे. तिच्यात घर आहे, पाऊस आहे, दार ठोठावणं आहे. तिच्यावर माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो तिच्यापुढं पुस्तकं फारशी न सरकण्यावर. टी. नगरच्या अनेक घरांत आजही जेवण्याआधी भाताचा घास कावळ्यासाठी खिडकीत ठेवतात. मराठी घरात हा मान त्याला मुख्यतः पितृपक्षात आणि दहाव्याला मिळतो. सुब्रह्मण्य भारतींनी कावळ्याचिमण्यांना आपल्या जातीतलं म्हटलं, हे इथल्या शाळेतलं प्रत्येक मूल जाणतं. अशा ठिकाणी ‘काऊ आळशी’ हे वाक्य रोज सकाळी खिडकीत खोटं ठरतं. कावळा वेळेवर येतो, इतरांना हाका मारतो, मोठा घास असेल तर दुसरीकडे नेऊन लपवतो. हे पाहिलेलं मूल गोष्टीवर हसतं, आणि त्या हसण्यात मला काही गैर वाटत नाही. गोष्ट आणि खिडकी यांत फरक आहे हे कळणं, ही वाचक होण्याची पहिली पायरी आहे. पण पुढची पायरी दाखवणारं मराठी पुस्तक हाताशी हवं. कोकिळेचंही तसंच. मराठी गाण्यांतून, गोष्टींतून ‘कोकिळा’ गाते. बाहेर गातो तो काळा, लाल डोळ्यांचा नर. ठिपक्यांची मादी गप्प फिरते किंवा चिरकते, आणि अंडी घालते ती त्याच बदनाम कावळ्याच्या घरट्यात. मुलांना ही खरी हकीकत कल्पित गोष्टीपेक्षा कमी रंजक वाटत नाही. आमच्या मुलांनी तर कावळीण फसते की तिला कळतं, यावर पंधरा मिनिटं भांडण केलं.

दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’ (१९५६) या दोन्ही सवयींपासून दूर आहे. ते मुलांसाठी लिहिलेलं नाही. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत बारा ललितनिबंध, दाट संस्कृतप्रचुर भाषा, रंगांच्या अतिशय सूक्ष्म छटा. चार वर्षांच्या मुलासमोर त्यातलं पानही वाचता येणार नाही. तरीही मुलांना घेऊन बाहेर पडणाऱ्या मराठी माणसानं आधी हे पुस्तक वाचावं असं मी म्हणेन, कारण ते कुठंही न जाता पाहायला शिकवतं. त्याचं एकक सहल नाही, महिना आहे. तेच झाड महिन्यानं पुन्हा पाहायचं, आणि मधल्या काळात काय झालं ते सांगायचं. मुलांबरोबर जमण्यासारखी हीच एक शिस्त आहे.

हे पुस्तक मद्रासमध्ये वाचताना एक अडचण मात्र समोर येते, आणि ती मला मोलाची वाटते. त्याचे महिने इथल्या महिन्यांवर बसत नाहीत. तिकडचा मेघांनी भरलेला काळ इथं धुळीचा आणि आडी महिन्यातल्या सोसाट्याच्या वाऱ्याचा आहे. बालकवींची श्रावणावरची कविता पाठ असलेलं मराठी मूल इथं श्रावणात घामाघूम असतं, फार तर एखाद्या संध्याकाळी गडगडाट होऊन सर येते. आपण ज्याला ऋतूंचं सार्वत्रिक वर्णन समजत होतो ते एका प्रदेशाचं वर्णन होतं, हे प्रदेश सोडल्यावर कळतं. तमिळ वाचकाला याचं नवल वाटणार नाही. संगम काव्यातली ‘तिणै’ची कल्पना ए. के. रामानुजन यांच्या भाषांतरांमुळे इतर भाषांतही परिचित झाली आहे. कुरिंजी, मुल्लै, मरुदम, नेय्दल, पालै हे पाच भूप्रदेश. प्रत्येकाचा आपला ऋतू, आपला प्रहर, आपली फुलं-पाखरं, आणि मग त्या प्रदेशाला साजेसा प्रेमाचा भाव. जागा ठरल्याशिवाय तिथं भावनाही ठरत नाही. ‘ऋतुचक्र’ इथं आणायचं तर त्याची पद्धत आणावी लागेल. मजकूर तिथंच राहील.

अशी पद्धत या शहरात एका माणसानं आयुष्यभर पाळली. एम. कृष्णन (१९१२–१९९६) कलकत्त्याच्या ‘द स्टेट्समन’मध्ये १९५० पासून मृत्यूपर्यंत ‘कंट्री नोटबुक’ हा स्तंभ लिहीत होते, आणि राहत होते मद्रासमध्ये. हत्तींवर, जंगलांवर त्यांनी अधिकारानं लिहिलं, पण माझ्या उपयोगाचे कृष्णन कावळे, खारी, सरडे आणि भटक्या मांजरांवर लिहिणारे. ते प्राण्याला शहाणपण किंवा दुष्टपणा चिकटवत नाहीत. त्यानं काय केलं, ते किती वेळ केलं, त्या वेळी ऊन कसं होतं, हे सांगतात आणि थांबतात. त्यांनी तमिळमध्येही लिहिलं. मराठीत शहरी, घरगुती निसर्गावर असं सलग, कोरडं, चिकाटीचं सदर फार कमी झालं. आपल्याकडे निसर्गाचं गद्य लवकर काव्याकडे झुकतं, आणि काव्यात पडताळ्याला जागा उरत नाही.

मुलांना घेऊन प्रत्यक्ष बाहेर पडणाऱ्या मराठी परंपरेचा धागा मात्र ललित साहित्यात शोधून सापडत नाही. तो बालशिक्षणात आहे, आणि योगायोगानं मद्रासशी जुळलेला आहे. १९३९ च्या अखेरीस मारिया माँटेसरी अड्यारला थिऑसॉफिकल सोसायटीच्या आवारात शिक्षकांना शिकवायला आल्या. अड्यार टी. नगरहून काही किलोमीटरवर. १९४० मध्ये इटली युद्धात उतरल्यावर त्यांचे पुत्र मारिओ यांना अहमदनगरला स्थानबद्ध करण्यात आलं आणि मारियांना त्या आवारातच राहावं लागलं. पुढं १९४२ ते १९४४ या काळात त्या कोडाईकनालला होत्या. तिथं डोंगरातल्या वनस्पती आणि प्राणी मुलांबरोबर पाहताना त्यांच्या निसर्गाभ्यासाला नवं वळण मिळालं.

ताराबाई मोडक त्याआधीच गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला माँटेसरी पद्धतीवर काम करून आल्या होत्या. दोघांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा केला. १९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर आल्या, आणि नंतर काम कोसबाडच्या टेकडीवर स्थिरावलं. परदेशी लाकडी साधनं तिथं परवडणारी नव्हती. त्यांच्या जागी पानं, बिया, शिंपले, खडे आले. वारली मुलं गुरं चारायला जात म्हणून शाळाच कुरणावर गेली. तिचं नाव ‘कुरणशाळा’. ‘अंगणवाडी’ हा शब्दही याच कामातून रूढ झाला. १९७५ पासून तो सरकारी योजनेबरोबर देशभर गेला आणि आज चेन्नईच्या गल्ल्यांत तमिळ लिपीत पाटीवर दिसतो. या शहरात सर्वांत जास्त वापरला जाणारा मराठी शब्द कदाचित हाच असेल, आणि तो मराठी आहे हे इथं फारसं कुणाला माहीत नाही.

अनुताईंच्या ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या आत्मकथनात निसर्गवर्णनाचा सोस नाही. ते साधं, कामात गुंतलेल्या माणसाचं गद्य आहे. त्यातून मी एक गोष्ट घेते आणि एका गोष्टीवर अडते. अडते ती अशी, की बिया मोजण्यासाठी वापरल्या की मुलाचं लक्ष संख्येकडे जातं आणि बी नाहीशी होते. दहा करंजाच्या बिया आणि दहा मणी यांत मग फरक राहत नाही. साधन म्हणून आणलेला निसर्ग साधनच होऊन बसण्याचा धोका आहे, आणि आजच्या ‘निसर्गातून शिका’ छापाच्या कृतिपुस्तिकांत तो खरा झालेला दिसतो. पानांचे ठसे, बियांचे हार, डहाळ्यांचे फोटोफ्रेम. सगळं सुंदर, पण झाड कोणतं होतं ते कुणी विचारत नाही.

घेते ती गोष्ट मोठी आहे. कोसबाडला झाडं, गवत, पाखरं यांबद्दल शिक्षकांपेक्षा मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना अधिक माहीत होतं. बाई बाहेरून आलेल्या होत्या. त्यांना भाषाही शिकावी लागली. टी. नगरमध्ये मीही बाहेरची आहे. इथं जाणते कोण? पिपाणी करून देणारे वॉचमन-तात्ता, वर्षावृक्षाखाली इस्त्रीची गाडी लावणारे काका, कनकांबरम विकणारी पूक्कारम्मा. तिच्या टोपलीतली ती नारिंगी फुलं म्हणजे अबोली, हे मराठी मुलांना सांगितलं तेव्हा त्यांना गंमत वाटली. तिला सांगितलं तेव्हा तिनं ‘न बोलणारी’ या अर्थावर मान डोलावली आणि गजरा मापायला लागली. मराठी बालपुस्तकांतला जाणता काका बहुधा शिकलेला असतो. वॉचमनला आणि फुलवालीला जाणतं करणारी गोष्ट मी शोधते आहे.

अशी एक गोष्ट मराठीत, आणि तीही याच प्रदेशात, दोनशे वर्षांपूर्वी लिहिली गेली आहे. कुरवंजी हा तमिळ नाट्यप्रकार. विरहानं व्याकूळ नायिका, आणि डोंगरातून आलेली, हात पाहणारी कुरत्ती. ती आधी आपल्या डोंगराचं वर्णन करते: झरे, माकडं, वेली, मध. अठराव्या शतकातल्या ‘तिरुक्कुट्राल कुरवंजी’त तिचा पारधी नवरा पाखरं धरायला येतो आणि शेतांत उतरणाऱ्या पक्ष्यांची नावंच्या नावं ऐकायला मिळतात. तंजावरच्या सरफोजी महाराजांनी (कारकीर्द १७९८–१८३२) हा प्रकार मराठीत आणला, ‘देवेंद्र कुरवंजी’. सरफोजी तरुणपणी मद्रासच्या वेपेरीत मिशनऱ्यांकडे शिकले होते. वनस्पती आणि प्राण्यांची चित्रं त्यांनी काढवून घेतली होती. त्यांच्या नाटकातली कुरवंजी इंद्राणीला सांगते तो भूगोल सगळ्या पृथ्वीचा आहे, खंडांचा, देशांचा, नद्यांचा.

हे नाटक मराठी मुलांच्या शिक्षणाच्या इतिहासात फार वरच्या जागी ठेवावं असं मला वाटतं. राजवाड्यातल्या बाईला जग शिकवणारी स्त्री भटकी, डोंगरातली आहे, ही योजनाच धीट आहे. पण त्यात काय गमावलं तेही पाहायला हवं. कुरत्तीचं मूळ ज्ञान तिच्या पायांखालच्या डोंगराचं होतं. नव्या नाटकात आवाज तिचा राहिला आणि ज्ञान नकाशाचं आलं. तिच्या तोंडी आलेल्या देशांचा पडताळा ना तिला घेता येतो, ना प्रेक्षकाला. ते पुस्तकावर विश्वास ठेवूनच ऐकावं लागतं. आपल्या आजच्या बालसाहित्यात पेंग्विन आणि ध्रुवीय अस्वलं जितक्या सहज भेटतात तितक्या सहज पाल भेटत नाही. त्याची सुरुवात मला इथं दिसते. पृथ्वी कळायलाच हवी, पण कुरत्तीला तिचा डोंगर राहू देऊन.

यावर एक आक्षेप रास्त आहे. मुलाला फक्त समोरचं दाखवायचं, तर साहित्य कशाला? न पाहिलेला श्रावण कवितेतून मिळतो, तोच भाषेचा ठेवा. परगावी वाढणाऱ्या मुलाला तो नाकारायचा का? मी तो नाकारत नाही. बालकवींचा श्रावण मी मुलांना ऐकवते, तो दूरच्या नातेवाइकाच्या पत्रासारखा. तिकडे आत्ता असं चाललं आहे. मग मुलं विचारतात, आपण त्यांना काय कळवायचं? या उलट पत्रासाठी लागणारी मराठी पुस्तकं कमी आहेत, आणि ती नसतील तर आलेलं पत्रही हळूहळू परक्याचं वाटू लागेल.

तेव्हा मला हवं असलेलं पुस्तक कसं असेल ते सांगून थांबते. ते टी. नगरचं बारमाही असेल. तैमध्ये पोंगलसाठी उसाच्या मोळ्या आणि पानांसकट हळदीची रोपं रस्त्यावर येतील, आणि देशी बदामाची पानं लाल होऊन गळतील. पाडव्याला आपण कडुलिंबाची पानं खाऊ, आणि पुढं एप्रिलच्या मध्यात तमिळ नववर्षाला शेजारी त्याच झाडाच्या फुलांची पच्चडी देतील. एकाच झाडाचे दोन भाग, दोन भाषांत, दोघांनाही कडू. मेमध्ये कत्तिरीचं ऊन, ताडगोळे आणि रस्त्यावर पिवळ्या गुलमोहराचा सडा. आडीत वारा. पावसाआधी खाली उतरलेले चतुर, ज्यांना इथं ‘तट्टान’ म्हणतात. ऐप्पसी-कार्तिकात गोगलगायी, शेवाळ, साचलेल्या पाण्यातले बेडूक आणि भिजलेली दिवाळी. मार्गळीत दारातल्या कोलमवर भोपळ्याचं फूल, आणि ते कोलम तांदळाच्या पिठाचं आहे की दगडाच्या भुकटीचं हे सांगणाऱ्या मुंग्या. प्रत्येक पानावर अर्धी जागा कोरी असेल, मुलानं पाहिलेलं लिहायला किंवा काढायला. छापलेल्या अर्ध्याशी ते जुळलं नाही, तर मुलाचं राहू द्यावं, अशी सूचना पहिल्या पानावर मोठ्या माणसांसाठी असेल.